मावशीआजीचा ताईत

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. सर्वपित्री अमावास्या

आज पानं वाढताना आईने एक पान जास्त मांडायला सांगितलं. आजोबांचं, बाबांचं, काकांचं आणि हे चौथं तिच्या मावशीचं, म्हणजे माझ्या मावशीआजीचं. तिला मूलबाळ नव्हतं, तिथी कुणाच्या लक्षात नाही. इतक्या वर्षांत तिचं पान वाढल्याचं मला आठवत नाही. विचारलं, तर आई म्हणाली, "यंदा सारखी डोळ्यांसमोर येतेय."

दुपारी तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत दोन लुगडी, अडकित्ता, गंजून एकजीव झालेली कात्री, पांढऱ्या सुताचं रीळ, आणि सगळ्यात खाली चंचीत गुंडाळलेला ताईत. चांदीची नळी, करंगळीच्या पेराहून थोडी लांब. वर दोन बारीक कड्या आणि त्यांतून ओवलेला काळा गोफ, अजून शाबूत. एका टोकाचं टोपण लाखेने बंद केलेलं. चांदी पार काळी पडलीय. कानाशी नेऊन हलवला, तर आत काहीतरी सुकं सुकं सरकतं.

"उघडू नकोस," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आज तरी नको."

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

सकाळी घट बसवला. रात्री बातमी आली, केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तीस वर्षं वर्गात मराठी शिकवली, डोळ्यांत पाणी आलं. आईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली.

झोप येईना म्हणून कोश काढून बसले. 'ताईत' शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थ आसरा मागणं, कुणाच्या तरी पदराखाली जाणं. हिंदीत तो तावीज झाला, आपल्याकडे ताईत, आणि इतका आपला झाला की लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो. 'जादू' फारसीतून आली. पण तिचं मूळ खणत गेलं की पारशांच्या अवेस्तेत 'यातु' भेटतो आणि आपल्या ऋग्वेदातही 'यातु'च. एकाच घरातले दोघे, एक इराणात राहिला, एक इकडे आला. इकडच्याचा वापर पुढे विरळ झाला आणि हजारो वर्षांनी तिकडचा भाऊ वेगळा वेष घालून आपल्या दारी आला. आपण त्याला पाहुणा समजतो.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक सूक्त आहे, राक्षसांना आणि यातुधानांना मारण्यासाठी इंद्र-सोमांना केलेलं आवाहन. त्याच्या मध्येच ऋषी एकदम स्वतःविषयी बोलू लागतो. मी यातुधान असेन, कुणाच्या जिवाला मी ताप दिला असेल, तर आजच मरून जाईन, आणि माझ्यावर खोटा आळ घेणाऱ्याची पोरंबाळं मरोत. परंपरा हे बोल वसिष्ठांचे मानते. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुणीतरी त्यांना चेटक्या म्हटलं होतं आणि ते शपथ घेऊन नाकारत होते. इतका जुना आहे हा आळ.

५ ऑक्टोबर, शनिवार

ग्रंथालयातून 'फोकलोअर नोट्स'चा कोकणावरचा खंड आणला. १९१५ साली एन्थोव्हेनने संपादून छापलेला, पण माहिती गोळा केलेली ए. एम. टी. जॅक्सनने. हा तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाटकगृहात 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. संस्कृतच्या व्यासंगामुळे लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवले होते: तुमच्याकडे भुतं कोणती, दृष्ट कशी काढतात, विहिरीत कोण राहतं. मास्तरांनी मन लावून उत्तरं लिहिली. एका सरकारी कागदाला इतक्या जिव्हाळ्याने उत्तर देणाऱ्या त्या मास्तरांविषयी मला फार माया वाटली.

भुतांची यादी वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की ही भीतीची यादी कमी आणि मृत्यूची नोंदवही जास्त आहे. मुंज होऊन सोडमुंजेच्या आत गेलेला पोरगा, तो मुंजा. पाण्यात बुडून गेला, तो गिऱ्हा. मागे वंश नाही, जीव घरादारात अडकला, तो समंध, म्हणजे 'संबंध'च, सुटला नाही म्हणून भूत झालेला. सवाष्ण गेली, ती जखीण. बाळंतपणात गेली, ती अळवंतीण. बायकांच्या भुतांना किती वेगवेगळी नावं! त्या काळी गावात बायका कशाने मरत होत्या ते या नावांवरून कळतं.

आणि या नावांचे वंश पाहावेत, तर जखीण ही यक्षिणी. जुन्या शिल्पांतली, झाडाची फांदी धरून उभी राहणारी, भरल्या अंगाची, समृद्धी देणारी. विहिरीतल्या आसरा या अप्सरा. डाकीण ही डाकिनी, तंत्रमार्गात जिच्याकडून विद्या मिळायची ती. 'भूत' शब्दात तर वाईट काहीच नाही, 'झालेलं' एवढाच त्याचा अर्थ. भूतकाळ, पंचमहाभूतं, भूतदया, सगळीकडे तोच.

वेताळाचं मात्र बरं चाललं. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ज्या राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्टी सांगतो, तो राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. गोव्यात आमोण्याला आणि लोलयेला तो बेताळ म्हणून ग्रामदेव आहे. आरवलीला वेतोबा आहे, गावची राखण करायला रात्री फिरतो, म्हणून लोक त्याला मोठाल्या चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. लहानपणी मी त्या चपलांचे तळवे झिजलेले पाहिले आहेत आणि मला त्या देवाची अजिबात भीती वाटली नव्हती. तोच वेताळ दुसऱ्या गावी स्मशानात. जखिणीच्या वाट्याला असं देऊळ फार थोड्या ठिकाणी आलं.

६ ऑक्टोबर, रविवार

आज आई आपणहून बोलली. तिच्या शब्दांत जमेल तितकं उतरवून ठेवते.

मावशी विसाव्या वर्षी विधवा झाली. सासू सुईण होती, तिच्यामागे कंदील धरून हिंडता हिंडता ही शिकली. हात लहान होते तिचे, आणि थंड डोक्याची. आडवं आलेलं मूल वळवायची. आई बारा-तेरा वर्षांची असताना, म्हणजे १९५२-५३च्या सुमारास, गावातल्या एका मोठ्या घरची सून अडली. मावशीला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मूल आतच गेलेलं होतं. बाईचा रक्तस्राव थांबेना, पहाटे तीही गेली.

पंधरा दिवसांनी त्या घरातली म्हैस मेली. मग धाकटा मुलगा तापाने पडला. घरच्यांनी देवाला कौल लावला. कौल मावशीच्या विरुद्ध गेला. तिच्या गळ्यातल्या ताईतावर बोट ठेवून भगत म्हणाला, यात आहे. त्या दिवसापासून ती चेटकीण.

"पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी उचलून मागे सरायच्या," आई म्हणाली. "माझी आई जाऊन तिला आपल्याकडे घेऊन आली. चार कोस चालत आल्या दोघी. मावशीने वाटेत एक शब्द काढला नाही."

"आणि तू? तुला भीती वाटायची तिची?"

आई बराच वेळ गप्प राहिली. "एक वर्ष मी तिच्या हातचं खाल्लं नाही," ती म्हणाली. "बारा वर्षांची होते मी."

यंदा पान का मांडलं, ते मला कळलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

'चेटूक'च्या मुळाशी संस्कृत 'चेट' आहे. चेट म्हणजे चाकर, चेटी म्हणजे दासी. कोकणातला 'चेडा' हाही त्याच कुळातला, मांत्रिकाच्या हुकमात राहून काम करणारा. कल्पना सरळ आहे: एखादी अदृश्य शक्ती धरून ठेवायची, तिच्याकडून राबवून घ्यायचं. राबणाऱ्याच्या नावावरून राबवण्याच्या विद्येला नाव पडलं, त्या विद्येवरून चेटकीण. मालकाचं नाव कुठेच नाही.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त एक चेट आहे, स्थावरक, शकाराचा गाडीवान. शकार त्याला सांगतो, वसंतसेनेला मार. सोन्याचं आमिष दाखवतो, मारहाण करतो. हा ऐकत नाही. माझा देह तुमच्या ताब्यात आहे, चारित्र्य नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. शकार त्याला बेड्या घालून माडीवर कोंडतो, आणि शेवटी चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेत असताना हा वरून खाली उडी टाकून खरं काय ते ओरडून सांगतो. त्याचं कुणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी. वर्गात हा प्रवेश शिकवताना मी नेहमी थांबत असे. चेट आणि चेटकीण हे एकाच घरचे शब्द आहेत हे तेव्हा माहीत असतं, तर मुलांना सांगितलं असतं.

'करणी'चंही असंच. 'कृ' धातू, करणं. अथर्ववेदात तिला 'कृत्या' म्हणतात. दहाव्या कांडाच्या पहिल्याच सूक्तात ती येते: हाताने घडवलेली, नवरीसारखी सजवलेली बाहुली, शत्रूच्या घरी पाठवायची. आणि ते सूक्त तिला विनवतं, परत जा, ज्याने तुला केलं त्याच्याकडे जा. आजही करणी उलटली म्हणतात, त्यात तीच समजूत आहे. बाहुलीला नवरीच का सजवायची, या प्रश्नाने रात्री बराच वेळ जागी होते.

९ ऑक्टोबर, बुधवार

काल हरियाणाचा निकाल लागला. आजच्या पेपरात मतदारांचा कौल, जनतेचा कौल. 'कौल' अरबी, म्हणजे शब्द, वचन. जमिनीच्या कराराचा कौलनामा त्यातलाच. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, असा देवाचा शब्द घ्यायचा. एका पाकळीवर मावशीआजीचं गाव सुटलं. हा शब्द मी आयुष्यभर सहज वापरला. आज पेपर मिटून ठेवला.

संध्याकाळी शेजारची बाळंतीण लेकरू घेऊन पाया पडायला आली. ती गेल्यावर आईने हाक मारून तिला परत बोलावलं, मीठ-मोहरी मुठीत घेऊन बाळावरून तीनदा ओवाळली आणि निखाऱ्यावर टाकली. मोहरी तडतडली, आईचा चेहरा निवळला. मी कधी या गोष्टीला विरोध केला नाही, केलाही नसता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमी माणसाच्या खोलीत कसली धुरी द्यावी ते सांगितलं आहे: मोहरी, कडुलिंबाची पानं, तूप आणि मीठ, दिवसातून दोनदा, दहा दिवस. राक्षसांपासून रक्षण म्हणूनच ती सांगितली आहे. वैद्याची धुरी घरातल्या बाईच्या मुठीत कधी आली, की बाईच्या मुठीतून वैद्याने उचलली, ते कोण सांगणार. मला दुसरं जास्त मनाला पटतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जादूटोणाविरोधी कायद्याचं पूर्ण नाव आज नीट वाचलं. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालणं आणि त्यांचं समूळ उच्चाटन करणं, २०१३चा अधिनियम. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. परिशिष्टात बारा कलमं आहेत. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा, तिच्यामुळे रोगराई आल्याचा आळ घेणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करणं, हाही गुन्हा.

नावातल्या दोन शब्दांपाशी मी अडले. 'अघोरी' म्हणजे भयंकर, असं आपण धरतो. पण शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचं नाव अघोर, म्हणजे घोर नसलेला. भीती वाटेल अशा मुखाला, भीती वाटू नये म्हणून, लोकांनी हे नाव दिलं. घारापुरीच्या लेण्यातल्या त्या प्रचंड शिवमूर्तीत डावीकडे उग्र चेहरा आहे, तो हा. पुढे 'अ' नावापुरता उरला आणि अर्थ पुन्हा घोराकडे गेला. दुसरा शब्द 'उच्चाटन'. तंत्रग्रंथांत सहा कर्मं सांगितली आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. मंत्राच्या जोरावर एखाद्याला त्याच्या घरातून, गावातून उपटून काढायचं, ते उच्चाटन. आता आपण गरिबीचं करतो, पोलिओचं करतो, आणि कायद्याने जादूटोण्याचंच करायला घेतलं आहे. शब्द आता चांगल्या कामाला लागला याचं मला समाधान आहे.

मावशीआजीचं झालं ते जुन्या अर्थाचं उच्चाटन होतं. तेव्हा हा कायदा असता तर, असं मनात आलं. आईला वाचून दाखवला. "सात वर्षं?" तिने विचारलं. मग म्हणाली, "कुणी तक्रार केली असती?"

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याची गर्दी सरल्यावर आज सोनाराकडे गेले. आईने आपणच ताईत माझ्या हातात ठेवला होता. सोनाराने टोपणाभोवतीची लाख दिव्यावर मऊ केली, चिमट्याने टोपण फिरवलं. आत कागदाची सुरळी, तांबूस, कडा कुरतडल्यासारख्या. त्याने ती उलगडली नाही. "तुम्हीच बघा, ताई," म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत.

घरी येऊन ओल्या फडक्याच्या दमटपणावर कागद हळूहळू सैल केला. चार बोटं रुंद. मंत्र नव्हता, कुणाचं नाव नव्हतं. शाईने आखलेली नऊ घरं आणि प्रत्येकात एकेक आकडा, फारसी वळणाचा. खालच्या मजल्यावर उर्दू शाळेतल्या बाई राहतात, त्यांना बोलावलं. मधल्या घरातला पाच मीही ओळखला असता, उलट्या पिंपळपानासारखा दिसतो. बाईंनी वाचलं: वरच्या ओळीत चार, नऊ, दोन. मधे तीन, पाच, सात. खाली आठ, एक, सहा. आडवी बेरीज पंधरा, उभी पंधरा, तिरकीही पंधरा. कोपऱ्यातले दोन, चार, सहा, आठ अक्षरांत मांडले तर ब, द, व, ह. बाई म्हणाल्या, "बुदूह. आमच्या नानीच्या कागदांवर असायचं."

आईला आठवलं की खाडीपलीकडच्या दर्ग्यातल्या एका म्हाताऱ्याने हा ताईत मावशीच्या सासूला दिला होता. सासूचा तो सुनेला आला, रिळाबरोबर आणि कात्रीबरोबर.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागरी

दोन दिवस पुस्तकांत डोकं घालून होते. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांच्या आत्मकथनात हा चौकोन आहे, हेच नऊ आकडे. पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर तो लिहायचा, अडलेल्या बाईने त्याकडे टक लावून बघायचं, मग फडकी पायाखाली घ्यायची, मूल लवकर बाहेर येतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, इ. स. ९००च्या सुमाराला, आपल्याकडच्या वृंद नावाच्या वैद्याने 'सिद्धयोग' ग्रंथात अडलेल्या बाळंतिणीसाठी नऊ घरांचा चौकोन सांगितला. त्याची बेरीज तीस, प्रत्येक घरात याच आकड्यांची दुप्पट. अरबांकडेही त्याच काळात तो बाळंतपणासाठीच होता. इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, याचा वाद विद्वानांनी करावा. बगदादपासून कोकणच्या खाडीपर्यंत हजार वर्षं बायका अडत होत्या आणि कुणीतरी त्यांच्या हातात हे नऊ आकडे ठेवत होतं.

भगताने बोट ठेवलं ते यावर.

रात्री गच्चीत चंद्राखाली दूध आटायला ठेवलं. आईला सगळं सांगितलं, अगदी सावकाश. तिने कागद चष्म्याजवळ धरला. आकडे तिला वाचता येईनात, म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर मराठीत मोठे काढून दिले. तिने बोटांच्या पेरांवर मोजून आडवी ओळ केली, मग उभी. तिरकी करताना एकदा चुकली, परत केली.

"सगळीकडून पंधराच," ती म्हणाली.

मग म्हणाली, "आमच्याकडे आल्यावरही तिला बोलावणी यायची. दिवसा कुणी बोलत नसे. रात्री कंदील घेऊन मागच्या दारी यायचे. आडवं आलंय, चल म्हणायचे. ती जायची. त्या मोठ्या घरूनसुद्धा एकदा आले होते, धाकट्या सुनेसाठी. चार कोसांवरून. तेव्हाही गेली."

"सुटली ती?"

"सुटली. मुलगी झाली."

मी वही आणली. आई एकेक घर सांगू लागली, कुणाची सून, कुणाची लेक, पावसात की उन्हाळ्यात, मुलगा की मुलगी, पायाळू की सरळ. मी लिहीत गेले. एकविसाव्या घरापर्यंत आलो तेव्हा दूध उतू गेलं. आईने तिकडे पाहिलंही नाही.